पोटात अन्न नसताना इन्सुलिन

माझा भाचा कॉलेजात शिकतो. टाइप वन मधुमेह लहानपणापासूनचा, त्यामुळे इन्सुलिन रोजचंच. गेल्या पावसाळ्यात त्याला उलट्या सुरू झाल्या, जेवण सुटलं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: पोटात अन्नाचा कण नाही, त्यात इन्सुलिन टोचलं तर साखर एकदम उतरेल. धास्ती खोटी नव्हती. साखर उतरून घामाघूम झालेला मुलगा बहिणीने पाहिला होता. इन्सुलिन थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, पोट धरून बसलाय, सारखं पाणी मागतोय. आणि श्वास बघ ना कसा घेतोय!" मी पोचलो तेव्हा शेजारचे आजोबा दम्याचं औषध सुचवत होते. पण छातीत घरघर नव्हती. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८०. काही न खाता ४८०! गाडी काढली आणि थेट सोलापूर गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी लघवीतले कीटोन आणि रक्तातलं आम्ल तपासलं. रक्ताचा पीएच ७.१, एरवी तो ७.४च्या आसपास असतो. आयसीयूत आधी सलाईन, मग पंपातून इन्सुलिन. पोटॅशियम वरचेवर तपासत होते, कारण इन्सुलिनमुळे ते रक्तातून पेशींत जातं आणि फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पहाटे साखर २५०च्या खाली आली, तशी सिस्टरनी ग्लुकोजची बाटली लावली. मी चक्रावलोच. "अहो, साखर उतरवायलाच आणलंय ना त्याला?"

"साखर उतरली, आम्ल नाही उतरलं," बाई म्हणाल्या. "त्यासाठी इन्सुलिन चालूच ठेवायला हवं. म्हणून साखर आपण बाहेरून देतोय."

माणूस जेवला नाही तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. इन्सुलिनच नसेल तर पेशींना ती वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन साचतात. आजारपणात तर इन्सुलिनची गरज बहुधा वाढते.

भाचा बरा होऊन कॉलेजला जायला लागला. टाइप वनचं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांना एवढंच सांगेन: जेवण बंद पडलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारा, साखर आणि कीटोन दर तीन-चार तासांनी तपासा. उलट्या थांबत नसतील, श्वास खोल लागला असेल किंवा गुंगी येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.