भुरीला घर मिळाले

आमच्या बिरसी गावावरून दिवसभर लहान विमाने घरघरत फिरत असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. आता तेथे वैमानिक घडविण्याची संस्था आहे. शिकाऊ मुले उडतात, गावाला वळसा घालून उतरतात आणि पुन्हा उडतात. बांधावर धान कापणारा माणूस मान वर करूनही पाहत नाही. परंतु २०२४ च्या दिवाळीनंतर आमच्या अंगणात एक जीव आला, जो प्रत्येक घरघरीला जमिनीला चिकटून थरथर कापत असे. ती भुऱ्या रंगाची अडीच वर्षांची कुत्री होती. तिला घर मिळवून देताना आम्ही जे शिकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची भाची नागपूरला शिकते. दर रविवारी ती तेथील कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात मदतीला जाते. तिचा फोन आला, "मामाजी, तुम्ही समाजाची एवढी कामे करता, लोकांची लग्ने जुळवता. एका कुत्रीचे घर जुळवून द्या ना." आम्ही हसलो. पण तिने सांगितलेली हकीकत ऐकून हसू ओसरले. भुरी पिल्लू असताना एका बांधकामावर सापडली होती. दोन वर्षांपासून ती पिंजऱ्यात होती. कुत्रा न्यायला येणारी मंडळी पिल्ले पाहतात, नाहीतर जे शेपटी हलवत पुढे येते ते नेतात. भुरी मात्र माणूस दिसला की मागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसे. पुढे येत नाही म्हणून तिला कुणी नेत नाही, आणि कुणी नेत नाही म्हणून तिला पुढे येण्याची सवय होत नाही.

आम्हाला आमची कचेरी आठवली. आम्ही कारकून माणसे. आमच्या टेबलासमोर कधी कधी एखादी म्हातारी किंवा एखादा पोरगा कागद घट्ट धरून उभा राहतो. विचारले तर बोलत नाही, जोराने विचारले तर आणखी गप्प होतो. मागचा धीट माणूस हात पुढे करून आपले काम करून घेतो. 'याला काही समजत नाही' असा शेरा मात्र त्या गप्प माणसाच्या वाट्याला येतो. तो मूर्ख नसतो. त्याला कधीतरी, कुणीतरी, कुठल्यातरी खिडकीवर हाकललेले असते. असो. आम्ही भाचीला होकार दिला.

येथे आमची पहिली चूक झाली. निवाऱ्याच्या लोकांनी सांगितले होते की, हिला शांत घर पाहिजे, राखणीसाठी देऊ नका. आम्ही मान डोलावली, पण मनात हिशेब वेगळा केला. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला धानाच्या पुंजण्यांवर राखणदार हवा होता. जागा मोकळी, खायला भरपूर. आम्हाला वाटले, दोघांचेही काम झाले. नातलगाच्या मालवाहू गाडीतून भुरीला आणले, दोन दिवस अंगणात ठेवले आणि शेतावर पोहोचवून दिले. निवाऱ्याच्या फॉर्मवर सही आमची होती, शब्दही आमचाच होता.

भुरीने तेथे तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. भुंकण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती भुंकावी म्हणून कुणीतरी पायाजवळ काठी आपटली. चौथ्या रात्री तिने पट्ट्यातून मान सोडवली आणि पसार झाली. त्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याने राखणदार मागितला होता. आम्ही कुत्र्याचा उपयोग पाहिला, कुत्रा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेळ्या चारणाऱ्या एका मुलाने सांगितले की, भुरी कुत्री विमानतळाच्या भिंतीकडच्या नाल्याच्या पुलाखाली बसली आहे. आम्ही कार्यकर्ते! लगेच वस्तीतली आठ-दहा पोरे जमवली, दोर घेतला, पोते घेतले आणि दोन्ही बाजूंनी घेरा घातला. भुरी आमच्या पायांतून अशी निसटली की पोरे चिखलात आडवी झाली. संध्याकाळी ती पुन्हा तेथेच येऊन बसली. पुन्हा आम्ही आरडाओरडा करीत निघालो, तेव्हा माय मागून आली.

मायबद्दल सांगितले पाहिजे. सत्तरी आलेली आमची माय कुत्र्याला अतिशय भिते. हातात काठी असल्याशिवाय ती गल्लीत पाऊल ठेवीत नाही. भुरी अंगणात होती ते दोन दिवस माय घराबाहेर आली नव्हती. "हे काहून आनलं?" एवढेच ती बोलली होती. ती माय पुलापाशी येऊन म्हणाली, "पोरायले घरी धाड बाबू. एवढी मानसं पाहून मी बी पळाली असती."

पोरे गेली. माय नाल्याच्या काठावर, पुलापासून वीस-पंचवीस पावलांवर बसली. भुरीकडे पाठ करून बसली. आम्ही विचारले तर म्हणाली, "मले तिचं भेव, तिले माह्यं भेव. पाहाचंच कायले?" जवळ भाताची पेज ठेवली होती. अंधार पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. काही घडले नाही. आम्ही वाटी पुलाजवळ ठेवून परतलो. सकाळी वाटी रिकामी होती, पण ती कुणी रिकामी केली ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळीही माय गेली. तेथे बसल्या बसल्या तिने जे सांगितले, ते आम्ही चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. माय आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या आईबरोबर मालगुजाराच्या वाड्यावर मजुरीचे धान मागायला गेली होती. मालगुजारी १९५१ सालीच कायद्याने गेली होती, वाडा आणि वाड्यावरची कुत्री मात्र राहिली होती. धान मिळाले नाही. ओसरीवरून कुणीतरी हसत कुत्रे सोडले. "माह्या आईनं टोपली आडवी धरली, पन कुत्रं टोपलीखालून आलं." मायच्या पोटरीवर एक लांब व्रण आहे. लहानपणी आम्ही विचारायचो, तेव्हा ती विळा लागल्याचे सांगत असे.

"कुत्रं का करन?" माय म्हणाली. "त्याले सोडनारा वरतं बसला होता."

तिसऱ्या संध्याकाळी भुरी पुलाखालून बाहेर आली. मायच्या मागे पाच-सहा पावलांवर ठेवलेल्या वाटीतले खाऊ लागली. मायचे हात थरथरत होते, ते आम्ही दुरून पाहिले. तिने मान वळवली नाही. नंतर ती हळूच उठून घराकडे चालू लागली, आणि भुरी बरेच अंतर राखून मागे आली. गोठ्याच्या कोपऱ्यात पोते टाकले होते, तेथे जाऊन बसली. दार आम्ही लावून घेतले.

भाचीने हे ऐकले आणि म्हणाली, "मामाजी, आम्हाला निवाऱ्यात हेच शिकवतात. भ्यालेल्या कुत्र्याच्या मागे धावायचे नाही, डोळ्यांत पाहायचे नाही, वरून हात न्यायचा नाही. आडवे नाहीतर पाठ करून बसायचे आणि त्याला येऊ द्यायचे." आजीला हे कुणी शिकवले, असे तिने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही.

आमच्या समाजाच्या मनात कुत्र्याविषयी एक अढी आहे आणि तिला कारण आहे. ज्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मज्जाव नव्हता, तेथे माणसाला पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. तो अपमान माणसाने केला होता. त्याचा राग कुत्र्यावर काढण्यात अर्थ नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात यशवंतराव आहेत, माता रमाई आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत आणि बाबासाहेबांचा आवडता टॉबी हा कुत्राही आहे. आम्ही ते छायाचित्र मायला दाखवले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "घरातलाच दिसते."

आता भुरीसाठी घर शोधायचे होते. आम्ही पुन्हा यादी करू लागलो, कुणाकडे अंगण मोठे, कुणाची ऐपत चांगली. माय म्हणाली, "जिथं आवाज नाही तिथं दे." तिने नाव सुचवले ते रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गँगमन काकांचे. ते एकटे राहतात, कानाने थोडे कमी ऐकतात, बोलतात त्याहूनही कमी. त्यांच्याकडे एक म्हातारा, सुस्त कुत्रा आधीपासून होता. लहान मुले घरात नाहीत. आम्हाला हे नाव सुचलेच नव्हते, कारण काका कुणाच्या लक्षात येत नाहीत. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या. मलेही घाई नाही."

नवीन घरी आलेल्या कुत्र्याला पहिले तीन दिवस धास्ती असते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते, असा या कामातील लोकांचा ढोबळ हिशेब आहे. भित्र्या कुत्र्याला याहून जास्त वेळ लागतो. काकांनी पडवीत एक जुने खोके आडवे ठेवले, त्यावर घोंगडे टाकले. ती तिची जागा. तेथून तिला कुणी ओढून काढायचे नाही, असे ठरले. जेवण रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी. बाहेर न्यायचे तर दोरीने, कारण सुरुवातीच्या दिवसांत असे कुत्रे निसटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. पट्टा मानेतून निघतो, म्हणून छातीवरून बांधायचा पट्टा आणला. शेपटी पोटाखाली, कान मागे, सारखी जीभ ओठांवरून फिरणे ही भीतीची लक्षणे. ती दिसली की माणसाने मागे सरायचे.

म्हाताऱ्या कुत्र्याने निम्मे काम केले. विमान आले की तो डोळाही उघडत नसे. भुरी त्याच्याकडे पाही आणि मग स्वतःही अंग सैल सोडी. २०२५ ची होळी आली तेव्हा ती काकांच्या खाटेखाली झोपू लागली होती. त्याच वर्षीच्या दिवाळीत फटाक्यांनी ती पुन्हा दोन दिवस खोक्यात दडून बसली, पण पळाली नाही. भीती गेली असे आम्ही म्हणणार नाही. भ्याल्यावर जायला तिला जागा झाली आहे.

आता थोडे व्यवहाराचे. कुत्रा आणायचा तर रेबीजची लस आणि दरवर्षीचा पुढचा डोस चुकवू नये, नसबंदी करून घ्यावी. निवाऱ्यात नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते. कुत्रा चावला तर हळद, चुना, मिरची लावू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लशीचे सगळे डोस पूर्ण करावेत, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा ज्यांना बसतो ती बहुधा गरिबांचीच मुले असतात, हे आम्ही विसरलेलो नाही. कुत्र्यावर दया आणि मुलांची सुरक्षा या दोन्ही गोष्टी लस व नसबंदीनेच साधतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा आधारही हाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मोकाट कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली आणि घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बस आणि रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. म्हणजे निवाऱ्यांतील गर्दी वाढणार, आणि त्या गर्दीत भिंतीकडे तोंड करून बसणारी भुरीसारखी कुत्री आणखी मागे पडणार. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे घटनेच्या ५१-अ कलमात नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हे कलम १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. पण बुद्धाची मैत्री ज्यांनी स्वीकारली, त्यांनी कलमाची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

माय आता रोज संध्याकाळी काकांच्या पडवीत जाऊन बसते. काठी अजून सुटलेली नाही. पण काठी दिसली की भुरी खोक्यातून बाहेर येत नाही, म्हणून माय ती कुंपणाबाहेर टेकवून आत जाते आणि निघताना पुन्हा घेते. दोघी तीन-चार हातांच्या अंतरावर बसतात. एकमेकींकडे पाहत नाहीत.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. त्याच पिंजऱ्यात एक काळा कुत्रा आहे, तोही पुढे येत नाही. या वेळी आम्ही अंगणे मोजली नाहीत. आधी मायला विचारले.