अहवाल टाइप करायला देऊ नकोस

सावेडी, अहिल्यानगर

चि. भाचीस,


गावातल्या विहिरींवर फील्ड प्रोजेक्ट घेतलास हे दादाकडून कळलं. विषय फार चांगला निवडलास. माहिती स्वतः गोळा करायची आणि अहवाल संगमनेरला टाइप करायला द्यायचा, असा तुझा बेत असल्याचंही तो म्हणाला. या बेताच्या उत्तरार्धाबद्दल बोलायचं आहे, म्हणून हे पत्र.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांच्या हाती फील्ड प्रोजेक्ट दिला. तेव्हापासून सत्र संपत आलं की नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या कॉलेजांजवळच्या डीटीपीच्या दुकानांत मुलांची गर्दी होते. हाताने लिहिलेली पानं द्यायची, पानामागे पैसे मोजायचे, स्पायरल बाइंडिंग करून सरांची सही घ्यायची. दुकानदाराचा यात काहीच दोष नाही. समोर येईल ते तो इमानाने टाइप करतो. पण पाणीपातळी ४.२ मीटरच्या जागी ४२ मीटर पडली, तर ते त्याला कसं कळावं? ते कळतं फक्त विहिरीत दोरी सोडून मोजणाऱ्याला. आकडे ज्याने मोजले त्यानेच ते मांडावेत, तपासावेत आणि लिहावेत. त्यासाठी लागणारं सगळं साहित्य दादाच्या जुन्या लॅपटॉपवर एक पैसा न देता बसतं. त्याचं नाव लिब्रे ऑफिस.

या सॉफ्टवेअरचं मूळ एका शाळकरी वयाच्या मुलाच्या खटपटीत आहे. १९८५ मध्ये जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग गावी मार्को ब्योरीस याने सोळाव्या वर्षी स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचं स्टार ऑफिस पुढे नावारूपाला आलं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये त्या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांसाठी खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा त्या सॉफ्टवेअरवर राबणाऱ्या अनेक प्रोग्रॅमर मंडळींनी २८ सप्टेंबरला द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था जाहीर केली आणि लिब्रे ऑफिस जन्माला आलं. लिहिण्यासाठी रायटर, आकड्यांसाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस, आकृत्यांसाठी ड्रॉ, गणिती सूत्रांसाठी मॅथ आणि माहितीसाठ्यासाठी बेस, अशी सहा अवजारं त्यात आहेत. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडे मोबाइलची रेंज कशी येते-जाते हे तुला सांगायला नको; तिथे ही सोय फार मोलाची आहे.

सुरुवात रायटरने करू नये, कॅल्कने करावी. अहवालाचा जीव आकड्यांत असतो.

आपल्याच जिल्ह्यात याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने पाणलोटाची कामं हाती घेतली. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, उसासारखी पाणीखाऊ पिकं लावायची नाहीत, असे निर्णय झाले. पुढे गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यावर कोणती पिकं निघतील, याचा हिशेब ग्रामसभेसमोर येतो आणि त्यावर पिकांचं नियोजन ठरतं. पोपटरावांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की तो ताळेबंद म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचा तक्ता आहे आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला तो पुरता जमण्यासारखा आहे.

कसा, ते बघ. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १० हजार लिटर पाणी. कॅल्कमध्ये एका रकान्यात क्षेत्र, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात बरोबरचं चिन्ह देऊन दोहोंचा गुणाकार आणि त्याला १० ने गुणणं. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. तिथे १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गावाच्या हद्दीत पडलेलं पाणी ९ लाख ७६ हजार घनमीटर, म्हणजे ९७ कोटी ६० लाख लिटर. हे सगळं मुरत नाही. काही वाहून जातं, काही वाफ होतं, काही मातीत ओल म्हणून राहतं. किती टक्के मुरतं हा आकडा सूत्राच्या पोटात लिहून टाकायचा नाही. तो वेगळ्या सेलमध्ये ठेवायचा आणि सूत्रात त्या सेलचा पत्ता द्यायचा. सूत्र खाली ओढताना पत्ता घसरू नये म्हणून एफ-४ दाबून तो पक्का करायचा. मग टक्का बदलला की सगळा ताळेबंद तिथल्या तिथे बदलतो. परीक्षक तोंडीला विचारतील, "यंदा कमी मुरलं असेल तर?" तेव्हा उत्तर कॅल्क त्यांच्या डोळ्यांसमोर देईल.

दुसरी सोय साधी दिसते, पण सर्वांत जास्त त्रास तीच वाचवते. वर्षानुवर्षं मुलांचे तक्ते तपासताना एक गोष्ट नेहमी दिसते. एका ओळीत "विहीर", दुसरीत "विहिर", तिसरीत "विहीर" पण पुढे चुकून पडलेली मोकळी जागा. माणसाला तिन्ही एकच वाटतात. कॅल्कला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात आणि मोजणी चुकते. त्यावर डेटा मेन्यूत व्हॅलिडिटी आहे. त्या रकान्यासाठी "विहीर, बोअरवेल, हातपंप" अशी यादी एकदाच द्यायची. मग टाइप करावंच लागत नाही, यादीतून निवडायचं. पाणीपातळीच्या रकान्यालाही ० ते ३० अशी हद्द घालून दिली की ४२ लिहिताच कॅल्क अडवतो. डीटीपीच्या दुकानात घुसणारी चूक इथे दारातच थांबते.

त्यानंतर काउंटइफ वापरून कोणत्या वाडीत किती विहिरी ते काढावं, ऑटोफिल्टरने मे महिन्यात कोरड्या पडणाऱ्या तेवढ्याच डोळ्यांसमोर आणाव्यात, आणि वाडी व महिना यांचा आडवा-उभा मेळ पिव्होट टेबलने घालावा. पिव्होट टेबलचं नाव ऐकून मुलं घाबरतात. प्रत्यक्षात रकान्यांची नावं माउसने ओढून चार जागी टाकायची, एवढंच काम असतं.

आलेख काढताना एक खोच लक्षात ठेव. पाणीपातळी आपण जमिनीपासून खाली मोजतो. म्हणून पाणी आटतं तसा आकडा वाढतो आणि साध्या आलेखात उन्हाळ्यात रेघ वर चढते. बघणाऱ्याला वाटतं, पाणी वाढलं. उभ्या अक्षाच्या मांडणीत, स्केलच्या पानावर, दिशा उलटी करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की शून्य वर जातं आणि रेघ विहिरीतल्या पाण्यासारखी खाली उतरते.

सरासरीच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. तुझ्या तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे काही शेवर समाधान मानावं लागतं. या सगळ्यांची एकत्र सरासरी काढली, तर ती जिल्ह्यातल्या कोणत्याच गावाची नसते. म्हणून सरासरीच्या शेजारी मेडियन, म्हणजे मधला आकडा, नेहमी काढावा. दोहोंत फार अंतर दिसलं तर का दिसलं ते अहवालात लिहावं.

तक्त्यातली चूक किती लांब जाऊ शकते आणि ती कोण पकडू शकतं, याची एक खरी हकीकत आहे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला. देशाचं सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकासाचा वेग एकदम घसरतो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि अनेक देशांत सरकारी खर्च कापण्याच्या बाजूने त्याचा दाखला देण्यात आला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. एखादा प्रसिद्ध निबंध घेऊन त्यातले आकडे पुन्हा काढून दाखवा, असा अभ्यास वर्गात मिळाला होता. त्याचे आकडे काही केल्या जुळेनात. त्याने मूळ तक्ता मागितला, लेखकांनी तो दिला, आणि सरासरीचं सूत्र ३० ते ४९ ओळींऐवजी ३० ते ४४ ओळींवरच चालल्याचं त्याला दिसलं. पाच देश हिशेबातून सुटले होते. काही वर्षांची माहिती गाळण्याचे आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचे आक्षेपही निघाले. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त केल्यावर ९० टक्क्यांपुढच्या कर्जाच्या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के आला. ही २०१३ ची गोष्ट. सूत्राच्या सेलवर दोनदा क्लिक केलं की कॅल्क त्या सूत्रात आलेल्या ओळींभोवती रंगीत चौकट काढतो. प्रत्येक बेरीज-सरासरीची ही चौकट एकदा डोळ्यांखालून घालावी. त्याला काही सेकंद लागतात.

आता रायटर. मराठी मजकुरासाठी पहिलं काम म्हणजे भाषा नेमून देणं. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट नावाचा पर्याय असतो. तिथे मराठी निवडायचं. रायटर इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचे फाँट व आकार वेगवेगळे सांभाळतो. हे माहीत नसलं की स्टाइलमध्ये फाँट बदलूनही मराठी मजकूर जागचा हलत नाही आणि मुलं वैतागतात. भाषा मराठी केल्याचा आणखी एक सुंदर फायदा आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये हिंदी आणि मराठी वळणाचे ल आणि श दोन्ही असतात. भाषा मराठी आहे हे कळलं की फाँट आपल्या वळणाची अक्षरं दाखवतो. शाळेत गिरवलेला ल पडद्यावर दिसतो तेव्हा मन खरंच सुखावतं.

टाइप मात्र युनिकोडमध्येच करावं. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो, आणि त्यात शब्द शोधताही येत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आहे, आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा फोनेटिकही आहे. इन्स्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस जातात, पण एकदा बोटं बसली की सुटत नाहीत. त्यात "दुसऱ्या"मधला ऱ्या लिहायचा तर शिफ्टसह जे, मग डी, मग य आणि काना. अहवालांत "दुसर्या" असं लिहिलेलं इतक्या वेळा येतं, की एवढी एक कळ शिकलीस तरी तुझं पान उठून दिसेल.

रायटरचं खरं बळ स्टाइलमध्ये आहे. मथळा ठळक करून अक्षर मोठं करणं म्हणजे मथळा नव्हे. कंट्रोल आणि १ दाबलं की प्रकरणाचा मथळा होतो, कंट्रोल आणि २ ने उपमथळा, कंट्रोल आणि ० ने साधा मजकूर. एवढं केलं की इन्सर्ट मेन्यूतून अनुक्रमणिका पानांच्या आकड्यांसकट आपोआप तयार होते. मध्ये दोन पानं वाढली तर तिच्यावर उजवं क्लिक करून ती अद्ययावत करायची. एफ-५ दाबलं की नॅव्हिगेटर उघडतो आणि त्यात सगळी प्रकरणं यादीसारखी दिसतात. तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्यावंसं वाटलं तर तिथेच ओढून वर न्यायचं, पोटातले तक्ते आणि तळटीपा त्याच्याबरोबर जातात. हाताने अनुक्रमणिका करणारी मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री पानांचे आकडे खोडत बसलेली असतात. ते टाळण्यासारखं आहे.

सरांनी सुचवलेले बदल ट्रॅक चेंजेसमध्ये घ्यावेत, म्हणजे काय बदललं ते दोघांनाही दिसतं. काम ओडीटी या मूळ स्वरूपात ठेवावं. ओडीएफ हे त्याचं मानक २००६ पासून आयएसओमान्य आहे, त्यामुळे कोणत्या एका कंपनीच्या मर्जीवर तुझी फाइल अवलंबून राहत नाही. कॉलेजला द्यायची प्रत पीडीएफ करावी, तीत फाँट आतच जातात. वीज गेली तर ऑटोरिकव्हरी आहे, पण तिच्यावर विसंबू नये. कंट्रोल-एसची सवय लावावी. आणि पुढे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची शंभर प्रमाणपत्रं लिहायची वेळ आली तर मेल मर्ज शिकून घे, कॅल्कमधली नावं प्रमाणपत्रांवर आपोआप बसतात.

एमएस-सीआयटी केलेल्या मुलांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, कारण बटणांच्या जागा बदलल्या तरी कल्पना त्याच आहेत. कॉलेजने मायक्रोसॉफ्टचं ऑफिस दिलं असेल तर तेही चांगलंच आहे; स्टाइल, व्हॅलिडिटी, पिव्होट टेबल सगळं तिथेही आहे. ज्या घरात पैसे भरून सॉफ्टवेअर घेणं परवडत नाही, तिथे चोरीची प्रत टाकण्याची वेळ लिब्रे ऑफिसमुळे येत नाही, म्हणून त्याचा आग्रह. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. लिब्रे ऑफिसचे त्यांचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात आहेत आणि मोफत आहेत. धडा एका बाजूला, सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडायचं आणि ऐकत ऐकत करत जायचं, अशी त्यांची रचना आहे.

आधी कॅल्कचेच धडे घे. वहीतल्या विहिरींच्या नोंदी या रविवारी एका तक्त्यात उतरव, पाणीपातळीच्या रकान्याला हद्द घाल आणि ती फाइल मला पाठव. मूळ फाइलच पाठव, पीडीएफ नको; सूत्रं बघायची आहेत.

तुझी,
आत्या