अडलेला पेच

मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांचे आम्ही जुने वाचक आहोत. या वाङ्मयप्रकाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात काहीच अडत नाही. बोल्ट सैल करावा, झाकण उचलावे, भाग बाहेर काढावा. आणि जोडताना हेच सारे उलट क्रमाने करावे. या आज्ञार्थी वाक्यांमागची गाडी कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली असते. तिने पावसाळे पाहिलेले नसतात आणि सोलापूर रस्त्याची धूळही खाल्लेली नसते.

हडपसरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली 1996 सालची प्रीमियर पद्मिनी या पुस्तकांतली नव्हे. गाडी वडिलांची, आता ते चालवत नाहीत, पण वर्षातून एकदा जेजुरीला जायचे ते तिच्यातूनच, हा त्यांचा हट्ट. जेजुरीहून परतताना सासवडनंतर दिवे घाट उतरावा लागतो. यंदा ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागू लागले, तेव्हा आम्हा दोघा भावांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो हा उतार.

पेडल मऊ लागणे म्हणजे बहुधा नळीत हवा शिरणे. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत जिरतो. ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचा निपल किंचित सैल करून बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचे आणि पेडल सुटण्याआधी निपल पुन्हा आवळायचा. “दाब.” “धरलंय.” “सोड.” एरवी वर्षभर एकमेकांशी जेमतेम बोलणाऱ्या भावांसाठी हा संवाद पुरेसा प्रदीर्घ म्हणावा लागेल. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून करायची. आमच्या गाडीत ते मागचे डावे.

निपल आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवला होता. तारेच्या ब्रशने घासला होता, बरोबर मापाचा रिंग पाना लावला होता. तरीही तो फिरला नाही, तुटला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ती ओल धातूला आतून खाते, आणि निपल मुळात पोकळ असतो. वरचा अर्धा भाग पान्यात आला, खालचा सिलिंडरमध्ये राहिला. आवाजही फारसा झाला नाही.

पुढची कथा ‘उलट क्रमाने’ घडली नाही. निपलसाठी व्हील सिलिंडर काढायचा, तर त्याला जोडलेल्या नळीचा नट सुटेना. त्याचे कोपरे झिजून गोल झाले. नट कापला, म्हणजे नळी गेली. नाना पेठेत दुसऱ्या फेरीत मिळालेला सिलिंडर खोक्यावर बरोबर आणि आत भलत्याच मापाचा निघाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सींच्या आधाराने चालणारा सुट्या भागांचा व्यवहार त्यांच्यामागे किती टिकणार? अर्ध्या तासाच्या कामाने तीन रविवार खाल्ले.

रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या 1974 च्या पुस्तकात अशाच अडलेल्या स्क्रूवर मोठे चिंतन आहे. अडणे ही ज्ञानाची पूर्वअवस्था आहे, असा त्याचा रोख. विचार मोलाचा आहे. पण तो अडलेला माणूस एकटा आहे, हे आम्हांला दर वाचनात खटकत आले. हडपसरमध्ये एकट्याने अडण्याची सोयच नाही. जॅक लावल्यापासून दहा मिनिटांत वॉचमन येतो, मग मॉर्निंग वॉकहून परतणारे दोघे. शेवटी येतात ते कारखान्यातून निवृत्त झालेले काका. जन्मभर लेथवर उभे राहिल्यामुळे त्यांचे मत मात्र ऐकावे लागते. आमची फजिती सार्वजनिक होती. तिचा त्रास झाला, हे नाकारत नाही. पण निम्मे शहाणपण त्या गर्दीतूनच आले.

काकांनी तुटका तुकडा पाहून एवढेच म्हटले, “हे बाकी सगळं घरी करा. नळी मिस्त्रीकडून करून घ्या.” धाकट्याला ते लागले. स्वतःच्या हाताने करण्याची प्रतिज्ञा अशी तिसऱ्या रविवारी मोडावी, हे त्याला पटेना. आमच्या दोघांत यावर जे बोलणे झाले ते येथे देत नाही. पण कार्ब्युरेटर बिघडला तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही. या फरकापुढे अभिमानाचे काय चालणार? तांब्याचा वायसर आणि जुन्या नळीचे माप घेऊन धाकटाच मिस्त्रीकडे गेला, आणि नळीचे टोक कसे फुलवतात ते तासभर उभा राहून पाहून आला.

योग्य मापाचा सिलिंडर चौथ्या रविवारी बसला. डाव्या चाकातली हवा निघाली, पेडल बरेच वर आले, पूर्ण नाही. गाडी वडकीपर्यंत, म्हणजे घाटाच्या पायथ्यापर्यंत, नेऊन आणली. वडील मागे बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण वळताना त्यांनी घाटाकडे पाहिले. वर अजून नेलेले नाही. उजव्या चाकाचा निपलही तेवढ्याच वयाचा आहे. त्याला आठवडाभर रोज रात्री तेल पाजणे चालू आहे.