कुणाच्या नावेत मजूर होते?



मार्काच्या पहिल्या अध्यायात शिष्यांना बोलावल्याचा भाग आपण किती वेळा वाचला असेल, गणती नाही. संदेशातही तो नेहमी येतो आणि बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर संपतो: त्यांनी सगळं सोडलं, आपणही सोडावं. पण मार्काने तिथे एक बारीकशी गोष्ट लिहून ठेवली आहे. याकोब आणि योहान निघाले तेव्हा त्यांचा बाप जब्दी नावेत एकटा राहिला नाही, त्याच्याजवळ मजूर होते (मार्क १:२०). म्हणजे दोन्ही मुलं एकदम गेली तरी त्या घरचं जाळं दुसऱ्या दिवशी पाण्यात पडणार होतं. शिमोन पेत्राच्या घरी असे मजूर असल्याचं मार्क सांगत नाही. त्याच्या घरी तापाने पडलेली सासू होती, एवढं मात्र थोड्याच ओळींनंतर कळतं.

हाक दोघांनाही एकच आली. उठून जाण्याची किंमत मात्र दोन्ही घरांत सारखी नव्हती. उकव्याला जायला लागल्यापासून हा भाग आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

उकवा आमच्या गोंदियापासून फार लांब नाही. आधी बालाघाट, तिथून बैहरच्या रस्त्याने गांगुलपाऱ्याचा घाट चढून चाळीस-एक किलोमीटर. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख आणि आपला विदर्भ एकाच प्रांतात होता, राजधानी नागपूर. आज मध्ये राज्याची सीमा असली तरी उकव्याचा नागपूरशी संबंध तुटलेला नाही, कारण तिथल्या मँगनीजच्या खाणीचं मुख्यालय नागपुरातच आहे. ही मॉईल कंपनी. १८९६ साली इंग्रजांच्या काळात तिचं मूळ रोवलं गेलं, १९६२ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश त्यात भागीदार झाले. उकव्याची खाण जमिनीखाली आहे. वर साल आणि सागाचं जंगल, गोंड आणि बैगा लोकांची गावं, खाली पोलादाला लागणारं काळं खनिज.

आम्ही मंडळीतले काही स्वयंसेवक उन्हाळ्याच्या सुटीत त्या भागात मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायला जातो. धर्माचा प्रचार करायला जात नाही, हे पहिल्याच वर्षी पालकांना सांगितलं होतं आणि ते पाळलंही आहे. शिकवताना कधीतरी आपण सगळेच विचारतो तो प्रश्न आम्हीही विचारला: मोठेपणी कोण होणार?

उत्तरं वहीत लिहून घेतली. नंतर त्यांच्यापुढे घरचा धंदा लिहिला, तेव्हा वहीच बोलू लागली. ज्याचे वडील खाणीत कायम नोकरीत, तो इंजिनियर म्हणाला, त्याची बहीण डॉक्टर. ज्याचे वडील ठेकेदाराकडे रोजंदारीवर, तो ड्रायव्हर किंवा पोलीस. ज्यांच्या घरी दोन-तीन एकर धानाची शेती आणि बाकी जंगलाचा आधार, त्यांनी शिक्षक, नर्स आणि नाकेदार सांगितलं. नाकेदार म्हणजे वनरक्षक. जंगलातल्या मुलाला सगळ्यात जवळून दिसणारं सरकार तेच. एक बैगा मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "जो मिल जाए, भैया."

हे काही शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे. चाळीसेक मुलांची वही आहे. पण एक गोष्ट आम्हाला त्यात स्पष्ट दिसली. आपण मुलाची 'आवड' म्हणतो ती पुष्कळदा घरातल्या पैशाच्या हिशेबातून गाळून आलेली असते. मुलगा स्वप्न बघायच्या आधीच मनात भागाकार करतो. मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला. आकांक्षा धरणं ही एक क्षमताच आहे आणि संपत्तीसारखीच ती समाजात असमान वाटली गेलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. श्रीमंताच्या पोराला एक वाट चुकली तर दुसरी ठाऊक असते, कारण त्याने काका-मामांना त्या वाटांवर चालताना पाहिलेलं असतं. गरिबाच्या पोराला मुक्काम माहीत असतो, मधले थांबे माहीत नसतात. 'डॉक्टर' हा शब्द कळतो. त्यासाठी अकरावीला कोणते विषय घ्यायचे, हे सांगणारं घरात कुणी नसतं.

आता तो हिशेब जरा जवळून पाहू, कारण सभ्य बोलण्यात तो नेहमी राहून जातो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल गळतं. ते पहाटेच वेचावं लागतं, उशीर केला तर गुरं आणि रानातली जनावरं खातात. शाळेच्या परीक्षा साधारण त्याच सुमाराला. मग येतो तेंदूपत्ता. पन्नास पानांचा एक पुडा (तिकडे गड्डी म्हणतात) आणि हजार पुड्यांचा एक मानक बोरा. मध्य प्रदेश सरकारने २०२४ साली या बोऱ्याचा दर ३,००० रुपयांवरून ४,००० केला. म्हणजे एका पुड्याला चार रुपये. पहाटे जंगलात जायचं, दुपारी सावलीत बसून पानं जुळवून बांधायची, संध्याकाळी फडावर नेऊन मोजून द्यायची. शंभर पुडे म्हणजे ५,००० पानं, आणि हातात ४०० रुपये. लहान बोटं पानं भराभर जुळवतात, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं.

त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचं शुल्क अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला १,००० रुपये होतं, म्हणजे सवलतीतलं. १,००० रुपये म्हणजे २५० पुडे, १२,५०० पानं. फॉर्म ऑनलाइन भरायला सेंटरवाल्याचे पैसे वेगळे, परीक्षेच्या गावी जायचं भाडं वेगळं. शिवाय ही परीक्षा मेच्या सुरुवातीला, ऐन पानांच्या दिवसांत. मुलगा अभ्यासाला बसला तर घराचे दोन हात कमी. हे सगळं मुलगा आईला विचारत नाही. त्याला ते कळतं, आणि तो म्हणतो, मला डॉक्टरकीची आवड नाही.

एका वडिलांना आम्ही म्हणालो, "भाऊ, पोरगी हुशार आहे, चार वर्षं शिकू द्या." ते चिडले नाहीत. म्हणाले, "शिकून नोकरी नाही लागली, तर ती चार वर्षं मला कोण परत देणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पगारदार माणूस मुलीच्या शिक्षणावर पैसा लावतो तेव्हा तो बुडाला तरी महिन्याच्या एक तारखेला पुन्हा येतो. या माणसाचा पाऊस बुडाला की वर्ष बुडतं. म्हणून ही घरं लांबचा, मोठा आणि अनिश्चित मार्ग टाळून जवळचा, छोटा, खात्रीचा मार्ग धरतात. याला शहरात 'महत्त्वाकांक्षा नाही' म्हणतात. आमच्या मते ही काटकसरच आहे, आणि ज्याने असं घर चालवलं नाही त्याने तिला नावं ठेवू नयेत.

नासरेथच्या लोकांनीही हेच केलं होतं. हा सुतारच ना, असं म्हणून ते अडखळले (मार्क ६:३). घरचा धंदा पाहून त्यांनी माणसाची उंची ठरवली. आणि ते घर किती गरीब होतं हे लूकाने लपवलेलं नाही. मरीया शुद्धीकरणाच्या अर्पणासाठी मंदिरात गेली तेव्हा तिथे कोकराचा उल्लेख नाही, होल्यांच्या जोडीचा आहे (लूक २:२४). ज्या बाईला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी नियमशास्त्रात ठेवलेली ती सवलत होती (लेवीय १२:८). आजच्या भाषेत, आपल्या प्रभूच्या घरात उत्पन्नाचा दाखला लागला असता.

दुसरीकडे जब्दीच्या मुलांची आई पाहा. ती सरळ येशूकडे गेली आणि माझ्या एका मुलाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव म्हणाली (मत्तय २०:२०-२१). तिच्या मागण्यावर आपण हसतो. पण मोठ्या माणसासमोर उभं राहून मुलांसाठी जागा मागायची हिंमत कुठून येते? मजूर असलेल्या नावेच्या घरातून येते, असं आम्हाला वाटतं. उकव्याजवळच्या गावातली आई शाळेच्या ऑफिसच्या दारातही चप्पल बाहेर काढून उभी राहते.

मुलींबद्दल थोडं वेगळं. त्यांच्या वहीत नर्स आणि शिक्षिका ही दोनच उत्तरं जास्त आली, कारण गावात नोकरी करणारी बाई म्हणजे एएनएम दीदी, नाहीतर शाळेतली मॅडम. खाणीचं नाव एकीनेही घेतलं नाही. त्यांना ते माहीत असण्याचं कारणही नव्हतं. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या खाणीत बाईच्या नोकरीला बंदी घातली होती. २०१९ मध्ये सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर, सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत, त्यांना खाली काम करायची परवानगी दिली. हे वर्गात सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "दीदी, खरंच?" आणि मागच्या बाकावरची पोरं हसली. आम्ही त्यांनाच विचारलं, खाणीत मेट व्हायला काय लागतं? कुणालाच सांगता आलं नाही. ज्या खाणीचा भोंगा ऐकत ती वाढली, तिच्यातली शिडी त्यांना ठाऊक नव्हती. मायनिंग मेट, ब्लास्टर, फोरमन, पुढे सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास मॅनेजर, या सगळ्यांच्या परीक्षा धनबादचं खाण सुरक्षा महानिदेशालय घेतं. पायरीपायरीने चढता येते अशी ही वाट आहे. मध्ये थांबून कमावताही येतं, आणि ज्या घराला चार वर्षं सलग थांबणं झेपत नाही त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आदिवासी मुलांना तुम्ही खाणीत आणि आयटीआयमध्येच पाठवणार का? प्रश्न बरोबर आहे, आणि आमच्यातच यावर वाद झाला. पंडिता रमाबाईंची आठवण त्या वादात निघाली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या याच मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं गेलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणारे हात आश्रमातल्या बायकांचे होते. पौलाकडेही दोन्ही होतं: गमलिएलाच्या पायाशी झालेलं शिक्षण आणि तंबू शिवायचा धंदा (प्रेषितांची कृत्ये २२:३, १८:३). धंदा हलका नाही. हलकी गोष्ट ही, की एका घरातल्या मुलापुढे दहा वाटा ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या पुढे एकच, आणि मग त्या एकीला त्याची आवड म्हणायचं.

डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचे भिल्ल समाजातले, वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. ते मुंबईत डॉक्टर झाले, मग कलेक्टर. आम्हीही ही गोष्ट वर्गात सांगतो, मुलं डोळे मोठे करून ऐकतात. पण गोष्टीतला एक भाग आम्ही मुद्दाम ठासून सांगतो: ते अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथे फुकट. जिद्द त्यांची होतीच, तिला उभं राहायला जमीन त्या शाळेने दिली. उकव्यालाही आदिवासी मुलांसाठी एकलव्य आदर्श निवासी शाळा आहे. १९९७-९८ पासूनची ही केंद्राची योजना, सहावी ते बारावी, एका शाळेत ४८० मुलांची सोय आणि त्यात निम्म्या मुली. एवढ्या जागांत सगळी मुलं मावत नाहीत. उरलेली घरीच असतात, मोह आणि पानांच्या हिशेबात.

शेवटी कर्जाबद्दल, कारण अलीशाकडे आलेल्या विधवेची गोष्ट (२ राजे ४:१-७) आम्हाला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला होता. तिकडच्या गावांतही ठेकेदाराची उचल घेतलेली असते, आणि ती फेडायला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नागपूर नाहीतर हैदराबादच्या बांधकामावर जातो. त्याला करिअरचं मार्गदर्शन कुठून करणार? अलीशाने त्या मुलांना उपदेश केला नाही. आईला विचारलं, घरात काय आहे? तेल निघालं, शेजाऱ्यांकडून भांडी उसनी आणायला लावली, तेल विकून आधी कर्ज फेडायला सांगितलं, आणि उरलेल्यावर मुलांसकट जगायला.

भांडी शेजाऱ्यांची होती, हे आम्ही मंडळीत वाचून दाखवलं. त्यानंतर एक छोटा निधी सुरू झाला आहे: परीक्षेचं शुल्क, दाखले काढायचा खर्च, बसभाडं, आणि परीक्षेसाठी पानं तोडायचे जे दिवस बुडतात त्या दिवसांची भरपाई. शेवटच्या खर्चावर काही जणांनी शंका घेतली, ती अजून मिटलेली नाही. पैशाइतकीच माणसंही हवी आहेत. आपल्या मंडळीत परिचारिका आहेत, एक बँकेतले आहेत, वीज मंडळातले आहेत, रेल्वेतले निवृत्त आहेत. त्यांनी एक दिवस येऊन आपण या नोकरीपर्यंत कसे पोचलो, कुठे नापास झालो, पैसे कुठून आणले, एवढंच मुलांना सांगायचं आहे. पुढची फेरी जूनमध्ये, पानांचा हंगाम उरकल्यावर आणि शाळा सुरू व्हायच्या आत. ज्यांना यायचं आहे त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर आम्हाला भेटावं. घाटात गाडी लागते, तेव्हा सकाळी पोटभर खाऊन येऊ नये.