कोंबडीच्या मागे धावू नका!

यवतमाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कापूस येतो. ते बरोबरच आहे. पण नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याला उतरून आडवाटेला लागलं, की कपाशी आणि तूर हळूहळू मागे पडते, सागाचं रान सुरू होतं आणि रानाच्या कडेला कोलाम आदिवासींची लहानशी वस्ती दिसते. अशा वस्तीला इकडे पोड म्हणतात. कोलामांची स्वतःची भाषा कोलामी. ती मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या कुळातली. पण आल्यागेल्याशी ते वऱ्हाडी मराठीत बोलतात. बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

उन्हाळ्यात अशाच एका पोडावर गेलो होतो. बरोबर पुण्याचा भाचा, सहावीतला. अंगणात दहा-बारा गावठी कोंबड्या चरत होत्या. कुणी तांबडी, कुणी काळी, कुणी कबरी. एकीच्या मानेवर तर पीसच नव्हतं! भाच्याला वाटलं, ही आजारी आहे. अरे बाबा, ती जातच तशी. उघड्या मानेतून अंगातली उष्णता लवकर बाहेर जाते, म्हणून यवतमाळच्या मे महिन्यात ती इतर कोंबड्यांपेक्षा सुखी.

भाच्याला एक कोंबडी उचलून घ्यायची होती. तो धावला मात्र, सगळा कळप कलकलाट करत कुंपणापलीकडे! ओसरीवर बसलेल्या आजी म्हणाल्या, "पोरा, धावू नोको. या उन्हात तिचा जीव जाईन. खाली बस, दाणे टाक. थे येते आपोआप."

आजींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे, हाच तिचा अंग गार करण्याचा मार्ग. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना तिला पळवलं, तर ती धापा टाकता टाकताच मरू शकते. म्हणून धरायची तर भल्या पहाटे, नाहीतर अंधार पडल्यावर. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. ती जागची हलत नाही. दोन्ही तळव्यांनी वरून पंख अंगाशी अलगद दाबायचे, उचलायचं, एक हात पोटाखाली घालून पाय बोटांत धरायचे आणि तिला कुशीशी टेकवायचं. छाती मात्र आवळायची नाही. आपल्या पोटात श्वासाला मदत करणारा जो पडदा असतो, तो पक्ष्यांना नसतो. छाती आत-बाहेर हलली तरच त्यांचा श्वास चालतो. आता आठवडी बाजारात कोंबड्या पाय बांधून, डोकं खाली करून नेतात ते आठवा. उलटं धरलं की पोटातला सगळा भार आतल्या श्वासाच्या पिशव्यांवर येतो. ती शांत लटकते, म्हणून तिला काही होत नाही असं लोक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. डालग्यातून न्यावी की!

भाचा दाणे टाकत बसला. तासाभरानं एक तांबडी तलंग त्याच्या बुटाजवळ आली. बाकीच्या लांबच राहिल्या. का बरं? कोंबड्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात, आणि कळपात मानपानही असतो. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना, आणि शेवटची बिचारी सगळ्यांचं टोचणं खाते. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. त्यानं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हा क्रम जगापुढे मांडला. म्हणून नवी कोंबडी आणली, तर एकदम कळपात सोडायची नाही. दोन आठवडे वेगळी ठेवायची (रोग असेल तर तेवढ्यात कळतो), मग डालग्याखाली ठेवून इतरांना तिची ओळख होऊ द्यायची. दाणाही एकाच जागी न टाकता दोन-तीन जागी टाकायचा, म्हणजे शेवटचीच्या पोटात चार दाणे जातात.

खुडूक कोंबडीची गोष्ट निराळी. अंड्यांवर बसली, की एकवीस दिवस ती कुणाची नसते. एरवी हातातून दाणे खाणारीही तेव्हा पिसं फुलवून गुरगुरते. तिला तसंच बसू द्यावं.

हे सगळं हौसेपुरतं आहे असं मात्र समजू नका. पोडावरच्या बायांना कोंबड्या म्हणजे अडीअडचणीचा पैसा. अंडी विकून तेल-मीठ येतं, पोरांच्या वह्या येतात, एस.टी.चं भाडं निघतं. आणि मानमोडी रोग आला, की हा पैसा आठवड्याभरात मातीला मिळतो. राणीखेत म्हणतात तो हाच. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, एकामागून एक कोंबड्या मरतात. एकदा झाल्यावर त्यावर औषध नाही. आधी दिलेली लस आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा, आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास दुसरी लस टोचायची. लस बर्फात आणावी लागते आणि कालवली की लवकर संपवावी लागते. आता सांगा, कळप माणसाला पाहून रानात पळत असेल, तर थेंब घालणार कुणाला? जी पिल्लं पहिल्या दिवसांपासून रोज थोडा वेळ हातात घेतलेली असतात, ती मोठेपणीही हाताला येतात. हे काम मुलं उत्तम करतात. फक्त नंतर हात साबणानं धुवायचे. आणि कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या, तर मेलेल्यांना हात न लावता मोठ्यांमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

कोंबड्याला मात्र जपून! तो अंगावर आला, तर पळू नका, लाथही मारू नका. मधे टोपलं धरून शांत उभे राहा. तो उगाच भांडत नसतो, राखण करत असतो. कान देऊन ऐका: आकाशात शिक्रा दिसला, तर त्याचा आवाज बारीक आणि लांब असतो, आणि सगळा कळप झुडपाखाली जागच्या जागी दबतो. मुंगूस किंवा मांजर आलं, तर तो मोठ्यानं कट-कट-कटाक सुरू करतो, आणि कोंबड्या मान उंच करून त्या दिशेला बघतात.