कासला निघालेली कॅमेऱ्याची पिशवी

१८६६ साली सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर हिमालयातल्या मणिरंग खिंडीत चढला, तेव्हा त्याच्यामागे हमालांची रांग होती. काचा, रसायनांच्या बाटल्या, अंधारखोलीचा तंबू. ओल्या कोलोडियनचं तंत्रच असं की काचेवरचा थर वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा. म्हणजे सगळी प्रयोगशाळा बरोबर न्यायची. आज सप्टेंबरात पुण्याहून कास पठारावर निघालेल्या हौशी माणसाच्या हातातला सोनी ए६००० बॅटरी-कार्डासकट ३४४ ग्रॅम भरतो आणि त्याची १६-५० ची किट लेन्स ११६ ग्रॅम. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. तरी निघायच्या आदल्या रात्री पलंगावरचा पसारा बघून घरातलं कोणीतरी विचारतंच, "दोन दिवसांसाठी एवढं?"

प्रश्न रास्त आहे. हलका म्हणून घेतलेला कॅमेरा सामान जोडता जोडता जड होतो. मुंबईच्या बोरा बाजारात नुसता कॅमेऱ्याचा पट्टा घ्यायला शिरलेला माणूसही तसाच बाहेर पडणं कठीण. "यूव्ही फिल्टर लावून देऊ का साहेब?" हा प्रश्न बिल व्हायच्या आत येतोच. फिल्मच्या काळात या फिल्टरला काम होतं. डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारा थर मुळातच असतो. उरतं ते काचेला ओरखड्यापासून जपणं, आणि ते काम लेन्स हूड जास्त चांगलं करतो. शिवाय स्वस्त फिल्टरमुळे उन्हाकडे तोंड केलं की फोटोत नको ते ठिपके उमटतात, हे काउंटरवर कोणी सांगत नाही.

मिररलेस कॅमेऱ्याच्या गरजा त्याच्या घडणीतून येतात. आत आरसा नाही, त्यामुळे सोनीच्या ई-माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत फक्त १८ मिलिमीटरचं अंतर. म्हणून आजोबांच्या कपाटातली जुनी निकॉनची लेन्ससुद्धा ॲडॅप्टर लावून बसवता येते. पण लेन्स काढली की सेन्सर उघडाच. म्हणून हवा मारायचा रबरी ब्लोअर पिशवीत हवाच, आणि लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. धुक्यात तर बदलूच नये.

दुसरी गरज बॅटरीची. आरशातून फुकट दिसणारं दृश्य इथे स्क्रीनवर दिसतं, म्हणजे नुसतं बघायलाही वीज लागते. ए६००० ची एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी १०२० एमएएचची. प्रमाणित चाचणीत स्क्रीनवर सुमारे ३६०, व्ह्यूफाइंडरमधून ३१० फोटो. फुलं बघत रेंगाळणाऱ्याला त्याहून कमीच मिळतात. दोन जादा बॅटऱ्या घ्याव्यात, फुगलेली जुनी बॅटरी मात्र घरीच ठेवावी. हा कॅमेरा केबलनेही चार्ज होतो, त्यामुळे गाडीत पॉवर बँक असली की निम्मी काळजी मिटते. नागपूरहून किंवा दिल्लीहून विमानाने येणाऱ्याने सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत.

एवढं कुठल्याही सहलीला लागतं. पुढचं पठार ठरवतं.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर हा जांभ्याचा कातळ पसरलेला आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. पावसाळ्याच्या शेवटी कातळावरच्या मातीच्या पातळ थरात फुलं येतात. तेरडा आणि सोनकीचे ताटवे किट लेन्सला आरामात मावतात, आणि बहुतेकांचे कासचे फोटो तिथेच संपतात. खरी गंमत खाली वाकल्यावर. सीतेची आसवं ही जांभळी-निळी फुलं करंगळीच्या नखाएवढी; वरून इतकी नाजूक, पण खाली ओल्या मातीत त्यांच्या इवल्या पिशव्या किडे पकडून खातात. गेंदाचे पांढरे गोंडे शर्टाच्या बटणांएवढे. किट लेन्सने त्यांचा फोटो काढला तर फुलापेक्षा गवतच जास्त येतं.

इथे कामाला येतात दोन वस्तू, आणि दोन्ही मॅक्रो लेन्सच्या मानाने स्वस्त. एक्स्टेंशन ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ कडी. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते आणि मग लेन्स जवळचं बघू लागते. सोनीसाठी १० आणि १६ मिलिमीटरच्या कड्यांची जोडी मिळते. पन्नासच्या लेन्सवर दोन्ही चढवल्या तर प्रतिमा मूळ फुलाच्या अर्ध्याहून मोठी पडते. थोडा उजेड मात्र कमी होतो, आणि फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं. कासवर तीच अडचण आहे. फुलाजवळ जायला पाऊल पायवाटेबाहेर टाकावं लागतं आणि त्या पावलाखाली दहा-वीस फुलं जातात.

म्हणून दुसरी वस्तू जास्त शहाणी. क्लोज-अप लेन्स फिल्टरसारखी पुढे फिरवून बसवायची. प्लस दोनचं भिंग ५५-२१० च्या झूमवर लावून फोकस अनंतावर ठेवला, की अर्ध्या मीटरवरचं फूल स्पष्ट होतं आणि २१० वर प्रतिमा मूळ आकाराच्या सुमारे ०.४२ पट येते. पायवाटेवर उकिडवं बसून अर्ध्या मीटरवरची आसवं टिपता येतात. या झूमचा व्यास ४९ मिलिमीटर, किट लेन्सचा ४०.५. दोघींसाठी वेगळे फिल्टर घेण्यापेक्षा ४९ चे घ्यावेत आणि एक स्टेप-अप रिंग. सगळ्या खरेदीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी चकती हीच.

ट्रायपॉड? कासला नको. त्याचे तीन पाय मातीच्या त्याच पातळ थरात रुतणार, आणि मधला दांडा असलेले बरेचसे ट्रायपॉड सीतेच्या आसवांच्या उंचीपर्यंत खाली येतच नाहीत. रिकामी कापडी थैली न्यावी, साताऱ्यात किलोभर तांदूळ भरून घ्यावेत, पायवाटेच्या कडेला ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. परतल्यावर त्याच तांदळाचा भात. अजिंठ्याला निघालेल्याची यादी पुन्हा निराळी: तिथे लेण्यांत फ्लॅश बंद, ट्रायपॉडला आधी परवानगी, म्हणून सगळा भर कमी उजेडात चालणाऱ्या लेन्सवर.

पोलरायझर मात्र घ्यावा. पावसात भिजलेल्या पानांवर आभाळाची पांढुरकी चकाकी बसलेली असते. फिल्टरची कडी फिरवली की ती उतरते आणि खालचा हिरवा वर येतो. पुढे कुमुदिनी तळ्याच्या काठी तर फिरवता फिरवता पाणी उघडत जातं, देठ दिसू लागतात. किंमत म्हणून दीड-दोन स्टॉप उजेड जातो, ढगाळ दिवसात ते जाणवतं. आणि कधी कधी चकाकी हाच फोटो असतो. पाकळीवरच्या थेंबातला प्रकाश पुसून काय उरणार? तेव्हा तो काढून खिशात टाकायचा.

आता पाऊस. ए६००० ला पाण्यापासून संरक्षण नाही. महागडी रेनकोटवजा आवरणं मिळतात, पण हॉटेलात फुकट मिळणारी शॉवर कॅप आणि दोन रबरबँड हेच काम करतात. छत्री कासच्या वाऱ्यात उलटी होते. ती बरोबरच्या माणसाच्या हाती द्यावी आणि त्याने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं. मायक्रोफायबरचे रुमाल तीन तरी घ्यावेत, एक ओला झाला की तो गेलाच. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं. म्हणून पठाराच्या अलीकडेच एसी बंद, काचा खाली.

खरी गाठ परतल्यावर. ओलसर पिशवीत तशीच राहिलेली लेन्स काही आठवड्यांत आतून बुरशी धरू शकते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या रेषा काढायला लेन्स उघडावी लागते. घरी आल्यावर सगळं पुसून, पंख्याखाली ठेवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावं. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, पण त्यांत कोबाल्ट असतं. ते स्वयंपाकाच्या कढईत परतून वाळवण्याचा उद्योग करू नये. केशरी दाणे घ्यावेत, ते ओलीने हिरवे होतात. वाळवायला मात्र जुनं, स्वयंपाकातून बाद झालेलं भांडंच वापरावं.