ओगराळ्याची खुंटी

अन्नसुरक्षेवरचं व्याख्यान सगळ्यांना पटतं आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर काहीही बदललेलं नसतं. अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं हे म्हणावं हे जरा विचित्र वाटेल, पण खर्ड्यातल्या बचत गटांपुढे मी जिवाणूंची चित्रं दाखवत नाही. माठातलं पाणी कशानं काढता, एवढंच विचारते. ‘ओगराळ्यानं,’ सगळ्या एका सुरात म्हणतात. मग पुढचा प्रश्न, ते असतं कुठे? मांडणीवर भांड्यांमागे असेल तर पोरं पेलाच बुडवणार, बोटांसकट. माठाशेजारी खुंटीवर टांगलं, की कुणी न सांगता हात तिकडे जातो.

खर्डा पर्जन्यछायेतलं गाव. पाण्याची किंमत इथे कुणाला शिकवावी लागत नाही. मार्च १७९५ च्या लढाईत मराठ्यांनी निजामाला इथल्याच किल्ल्यात कोंडलं, तेव्हा त्याच्या फौजेचे पाण्यावाचून हाल झाले होते. आज ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, आरोग्य कर्मचारी ओटी टेस्टनं त्यातला क्लोरीन तपासतो, आणि पाणी नळाला पास होतं. नापास होतं ते घरात. पिंपात दोन-तीन दिवस उभं राहिलं की क्लोरीन ओसरतो, त्यात बोटं बुडतात.

सवय कशी रुजते याचा मोठा धडा आमच्याच तालुक्यात घडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बाया, बऱ्याच अक्षरओळख नसलेल्या, जामखेडला येऊन शिकायच्या आणि आपापल्या गावी परतून तेच शेजारणींना सांगायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सांगणारी बाई दुसऱ्या दिवशीही त्याच गल्लीत असायची. त्यांतल्या काही दलित होत्या. ज्या माठाला त्यांचा हात लागू द्यायचा नाही अशी रीत होती, त्याच माठाच्या स्वच्छतेबद्दल त्या बोलू लागल्या. सोवळ्याची शिस्त खरी, पण ती माणसांवर रोखलेली होती, जंतूंवर नव्हे.

भीती न घालताही सवय बदलते, याला पुरावाही आहे. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात २०११ मध्ये ‘सुपरअम्मा’ नावाची मोहीम झाली. रोगराईचं नावही फारसं न घेता, किळस आणि आईची माया अशा भावनांवर ती उभी होती. सहा महिन्यांनी तिथे हात धुण्याच्या वेळांपैकी ३७ टक्के वेळा साबण वापरला जात होता, तुलनेच्या गावांत ६ टक्के. आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे विसराच. लंडनमधल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता.

म्हणून मी नवी कामं सांगत नाही, जुन्या कामाला गाठ मारून देते. रात्री विरजण लावल्याशिवाय इथली बाई झोपत नाही. त्याच वेळी उरलेला भात पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये जायला हवा. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत गेला तर उत्तम. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करू शकतात. उलटी घडवणारं हे विष सकाळच्या फोडणीलाही दाद देत नाही. फ्रिज नसेल तर भात बेताचा टाकावा, पोट भाकरीवर भरावं. सुकी शिळी भाकरी निराळी, तिच्यात पाणीच कमी. सगळं शिळं एका मापानं मोजणारा सल्ला इथे कुणी मानणार नाही, आणि मानूही नये.

रविवारच्या मटणासाठी दुसरी विळी घ्या म्हटलं तर बाया हसतात. त्यापेक्षा क्रम बदलावा. कोथिंबीर आणि कच्चा खायचा कांदा आधी, मटण शेवटी, मग विळी साबणानं धुवायची. खर्च शून्य. ओट्याचं ओलं फडकं धुऊन रोजच्या कपड्यांबरोबर दोरीवर उन्हात घालायचं.

उपवासाला भगरीचं सुटं पीठ आणू नये, हे मात्र मी हट्टानं सांगते. पिठाला ओल लागली की बुरशी धरते, तिचं विष भाजून जाईलच असं नाही, आणि नवरात्रात भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून येतच असतात. अख्खी भगर आणून निवडावी, लागेल तेवढीच दळावी.

दिवाळीच्या फराळाची मला काळजी नसते. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांत जंतूंना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. काळजी असते खव्याची. कुंथलगिरी इथून जवळ, तिकडचा खवा घरोघरी येतो. खव्यात ओल असते. कढईतून उतरल्यावर त्याला हात लागतात. हातावरच्या स्टॅफिलोकोकस जिवाणूनं त्यात एकदा विष केलं, की पुन्हा परतूनही ते जात नाही. तेव्हा खवा वसुबारसेला आणून लक्ष्मीपूजनाला गुलाबजाम करण्यापेक्षा ज्या सकाळी करायचे त्याच सकाळी आणा. विक्रेत्याला कधीचा आहे ते विचारा. सुट्या मिठाईवरसुद्धा ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला आहे.